क्यासनूरच्या जंगलात माकडे मेली तेव्हा

१९५७ च्या मार्च महिन्यात पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रात एक बातमी येऊन थडकली. तेव्हाच्या म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, सोरब तालुक्यातल्या क्यासनूर नावाच्या जंगलात माकडे मरत होती. त्याच जंगलाच्या कडेने राहणारी माणसेही तापाने फणफणत होती.

हा मुलूख मलनाडचा. पश्चिम घाट ओलांडला की पूर्वेच्या उतारावर तो पसरलेला आहे. खाली भातखाचरे, ओहोळाकाठी सुपारीच्या बागा आणि चहूबाजूंनी बांबूचे व पानझडीचे रान. इथल्या माणसाला जंगलात गेल्याशिवाय दिवस काढता येत नाही. सुपारीच्या बागेला पालापाचोळा लागतो, चुलीला लाकूड लागते, गुरांना चारा लागतो. त्या उन्हाळ्यात रानात गेलेल्या बायाबापड्यांना वाटेत मेलेली माकडे दिसू लागली. काही दिवसांनी रानात गेलेलेच अंथरुणाला खिळू लागले. अचानक थंडी वाजून ताप, फुटून जाईल असे डोके, हातपाय हलवता येऊ नयेत इतकी अंगदुखी. काहींच्या हिरड्यांतून, नाकातून रक्त येई. ताप उतरला म्हणून घरचे निःश्वास टाकत, तोवर आठ-पंधरा दिवसांनी तो पुन्हा उसळे आणि या वेळी मेंदूवर जाई. पहिल्या मोसमात सुमारे ४६६ रुग्णांची नोंद झाली, पुढच्या वर्षी १८१ ची.

दवाखान्यांत आधी विषमज्वराचा संशय घेतला गेला. गावकऱ्यांनी मात्र दुखण्याला नावच असे दिले की त्यात निदानाचा निम्मा भाग आला. ते म्हणू लागले ‘मंगन कायिले’, म्हणजे माकडाचे दुखणे. सूक्ष्मदर्शक यायच्या आधी, रक्ताचा एक थेंब तपासला जायच्या आधी, रानातले मरण आणि घरातला ताप यांची गाठ त्या माणसांनी बांधली होती. माकडतापाचा इतिहास सांगताना पहिला मान त्यांना द्यायला हवा.

पुण्याचे केंद्र तेव्हा जेमतेम पाच वर्षांचे होते. भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि अमेरिकेचे रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून १९५२ साली ते उभे केले होते. डास, गोचीड अशा चावणाऱ्या जिवांतून पसरणाऱ्या विषाणूंचा शोध घेणे हे त्याचे काम. आज आपण ज्या संस्थेला एनआयव्ही म्हणून ओळखतो, तिचेच हे पूर्वरूप. करोनाच्या काळात घराघरात पोहोचलेले हे नाव संस्थेला १९७८ मध्ये मिळाले.

माकडे मरत आहेत हे ऐकल्यावर केंद्रातल्या शास्त्रज्ञांच्या मनात आधी आला तो पीतज्वर. दक्षिण अमेरिकेतल्या जंगलात पीतज्वराची साथ येते तेव्हा आधी माकडे पडतात, मग माणसे. रॉकफेलर फाउंडेशनने या रोगाशी अनेक दशके झुंज दिली होती. त्याच संस्थेतल्या मॅक्स थायलर यांना पीतज्वराच्या लशीच्या कामासाठी १९५१ चे नोबेल मिळाले होते. भारतात पीतज्वर कधीच आला नव्हता. पण तो पसरवणारा डास इथे शहराशहरांत होता आणि माणसांत त्या रोगाची प्रतिकारशक्ती मुळीच नव्हती. त्यामुळे पीतज्वर खरोखरच घाटात उतरला असता तर कोट्यवधींचा प्रश्न उभा राहिला असता. केंद्राचे संचालक टेलफर्ड वर्क आणि त्यांचे सहकारी तातडीने शिमोग्याला पोहोचले.

क्यासनूरमध्ये मेलेल्या एका वानराच्या अवयवांतून आणि आजारी माणसांच्या रक्तातून नमुने घेतले गेले. ते उंदरांच्या नवजात पिल्लांच्या मेंदूत टोचायचे आणि पिल्ले आजारी पडतात का ते पाहायचे, अशी तेव्हाची विषाणू शोधण्याची पद्धत होती. पिल्ले आजारी पडली, विषाणू हाती आला आणि तो पीतज्वराचा नव्हता. एक मोठी भीती टळली. पण जे हाती आले ते अधिक चकित करणारे होते. हा विषाणू नवा होता आणि त्याचे बरेच सख्खे-चुलत रशियात होते. सायबेरियाच्या बर्फाळ रानात गोचिडीतून मेंदुज्वर आणि रक्तस्रावी ताप पसरवणाऱ्या विषाणूंचा तो भाऊबंद निघाला. ज्या जंगलातल्या वानरात तो सापडला त्याच जंगलाचे नाव त्याला मिळाले: क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, थोडक्यात केएफडी.

सायबेरियातला भाऊबंद मलनाडात कसा आला? उत्तराच्या शोधात नजर आकाशाकडे गेली. दर हिवाळ्यात लाखो पक्षी मध्य आशिया आणि सायबेरियातून भारतात उतरतात. त्यांच्या पिसांत अडकून गोचीड आली असेल का? हे तपासायचे तर कुठला पक्षी कुठून येतो हेच आधी नीट माहीत हवे. ते काम जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने अंगावर घेतले. सालिम अली यांच्या नेतृत्वाखाली हजारो पक्षी जाळ्यात धरून, पायात क्रमांकाचे वाळे घालून सोडण्यात आले. पक्ष्यांनीच रोग आणला हे काही सिद्ध झाले नाही. पण पक्ष्यांच्या स्थलांतराचा भारतातला पहिला मोठा पद्धतशीर अभ्यास या निमित्ताने उभा राहिला. एका तापाचा माग काढताना पक्षिशास्त्र पुढे सरकले. माणसाचे, प्राण्याचे आणि रानाचे ज्ञान वेगळे ठेवता येत नाही, हे त्या काळातच असे दिसून आले.

रोगाची खरी उत्तरे मात्र जमिनीवर होती, गुडघाभर उंचीच्या झुडपांत. केंद्राने शिमोगा जिल्ह्यातल्या सागर या गावी ठाणे मांडले. परिसरशास्त्रज्ञ हॅरॉल्ड ट्रॅपिडो, कीटकशास्त्रज्ञ पी. के. राजगोपालन आणि त्यांचे अनेक सहकारी तिथे वर्षानुवर्षे रानात हिंडत राहिले. राजगोपालन यांनी तर उमेदीची बरीच वर्षे या रोगामागे घालवली. फ्लॅनेलचे कापड पाचोळ्यावरून ओढत न्यायचे, त्याला चिकटलेल्या गोचिडी चिमट्याने वेचायच्या, जातीप्रमाणे वेगळ्या करायच्या, मोजायच्या आणि त्यांच्यात विषाणू आहे का ते तपासायचे. उंदीर, चिचुंद्री, रानकोंबडी, साळिंदर, जे सापडेल त्याच्या अंगावरच्या गोचिडी मोजायच्या. हे काम कंटाळवाणे होते आणि जिवावर बेतणारेही होते. रानात गोचीड चावण्याची धास्ती होती आणि पुण्यातल्या प्रयोगशाळेत विषाणू हाताळणाऱ्यांनाही या तापाची लागण झाली. आजच्यासारखी बंदिस्त, सुरक्षित प्रयोगशाळा त्या वेळी तिथे नव्हती.

या मोजदादीतून रानाचा एक हिशेब उलगडत गेला.

मुख्य आरोपी ठरली हेमाफायसॅलिस स्पिनिजेरा नावाची गोचीड. तिच्या आयुष्यात तीन टप्पे असतात आणि प्रत्येक टप्प्यात एकदा तिला रक्त लागते. पावसाळ्यात पूर्ण वाढलेली मादी एखाद्या मोठ्या जनावरावर चढते, पोटभर रक्त पिऊन खाली पडते आणि पाचोळ्यात हजारांच्या घरात अंडी घालते. पाऊस सरल्यावर अंड्यांतून बारीक पिल्ले निघतात. ती उंदीर, पाखरे, माकडे अशा मिळेल त्या प्राण्याचे रक्त पितात, कात टाकतात आणि हिवाळ्यापासून खसखशीच्या दाण्याएवढ्या अर्धवट वाढलेल्या गोचिडी होतात. माणसाला चावते ती मुख्यतः ही. ती इतकी लहान असते की चावल्याचे कळतही नाही. माकडतापाचा हंगाम डिसेंबर ते मे असतो त्याचे कारण हेच. पिल्लू असताना तिने आजारी माकडाचे रक्त प्यायले असेल, तर तो विषाणू कात टाकल्यावरही तिच्या अंगात टिकून राहतो.

काळ्या तोंडाचे वानर आणि लाल तोंडाचे माकड या दोन्ही जातींना हा विषाणू मारतो. आजारी माकडाच्या रक्तात विषाणू भरमसाट वाढतो आणि त्याच्या अंगावरच्या शेकडो पिल्लांना तो मिळतो. माकड मेले की अंग थंड पडते आणि ही सारी पिल्ले खाली उतरतात. ज्या झाडाखाली माकड पडले, ती जागा पुढच्या काही आठवड्यांत विषाणू भरलेल्या गोचिडींचे मोहोळ बनते. त्या वाटेने जो जाईल तो सापडेल. माणसापासून माणसाला मात्र हा ताप लागत नाही. विषाणूच्या प्रवासात माणूस ही बंद गल्ली आहे. त्याला माणसाची गरजच नाही. आपणच त्याच्या वाटेवर जाऊन उभे राहतो.

हे सारे आताच का घडले, हा प्रश्न उरला होता. रान जुने, माकडे जुनी, गोचीड जुनी. नवे काय होते? याचे सर्वात ठाम उत्तर दिले होर्हे बोशेल या कोलंबियाच्या डॉक्टरांनी. त्यांच्या गाठीशी एक विलक्षण अनुभव होता. कोलंबियाच्या जंगलात लाकूडतोडे एक झाड पाडत असताना ते तिथे उभे होते. झाड कोसळले तसे शेंड्यावर राहणारे निळसर डास थव्याने खाली आले आणि माणसांना चावू लागले. जंगलातला पीतज्वर लाकूडतोड्यांनाच का होतो, याचा उलगडा त्यांना तिथे झाला. जो रोग झाडाच्या शेंड्यावर माकडे आणि डास यांच्यात फिरत होता, त्याला कुऱ्हाडीने जमिनीवर आणले होते.

पुढे पुण्याच्या केंद्रातून मलनाडात काम करताना बोशेल यांना वेगळ्या रूपात तीच गोष्ट दिसली. १९६९ साली त्यांनी आपले निष्कर्ष मांडले. लोकसंख्या वाढत होती, रान तोडून शेते आणि बागा होत होत्या, जंगलाचे सलग पट्टे तुटून कडा वाढत होत्या. त्या कडांवर काटेरी झुडपे माजली आणि तिथेच गुरे चरू लागली. पूर्ण वाढलेल्या गोचिडीला मोठे जनावर हवे असते. घनदाट रानात असे जनावर विरळा भेटे, आता गावाची गुरे रोज तिच्या तोंडापाशी येऊ लागली. गाय स्वतः या रोगाने फारशी आजारी पडत नाही, पण तिने गोचिडींची संख्या अफाट वाढवली. पूर्वी रानाच्या पोटात गोचीड, उंदीर आणि माकड यांच्यात हलक्या आवाजात चाललेला खेळ आता गावाच्या वेशीवर येऊन धडकला. विषाणू आधीपासून रानात होता. आपण त्याला बाहेर यायला वाट करून दिली.

माझ्या मते भारतीय वैद्यकाच्या इतिहासातले हे एक मोठे निदान आहे. रोग्याच्या नाडीबरोबर रानाचीही नाडी पाहिल्याशिवाय ते झाले नसते. डॉक्टर, पशुवैद्य, कीटकशास्त्रज्ञ, पक्षितज्ज्ञ आणि वनस्पती जाणणारी माणसे एकाच प्रश्नापुढे बसली, म्हणून ते शक्य झाले.

लशीचा प्रवासही सोपा नव्हता. आधी रशियन मेंदुज्वरावरची लस भाऊबंद विषाणूवरही चालेल या आशेने देऊन पाहिली. ती उपयोगी पडली नाही. मग पुण्यातच या विषाणूची लस तयार करायचे ठरले. मनशारामाणी, दांडवते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोंबडीच्या गर्भाच्या पेशींवर विषाणू वाढवून, फॉर्मेलिनने निष्प्रभ करून लस केली आणि १९६७ साली तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. पुढे कर्नाटकात ती अनेक वर्षे दिली गेली. तिच्या मर्यादा होत्या. एका मात्रेने भागत नसे, पुन्हा पुन्हा टोचून घ्यावी लागे, टोचलेली जागा दुखे आणि मजुरी बुडवून लोक दुसऱ्या-तिसऱ्या मात्रेला येत नसत. हळूहळू तिची ताकदही अपुरी ठरू लागली आणि २०२२ मध्ये ती थांबवण्यात आली. आता भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पुढाकाराने नव्या लशीचे काम चालू आहे. रोगावर नेमके औषध आजही नाही. वेळेवर रुग्णालयात नेऊन शरीरातले पाणी आणि रक्तस्राव सांभाळणे, एवढेच करता येते. शंभरात तीन ते पाच रुग्ण दगावतात.

बोशेल यांच्या इशाऱ्याची प्रचिती १९८२-८३ मध्ये आली. दक्षिण कन्नड जिल्ह्यातल्या बेळतंगडी तालुक्यात काजूच्या लागवडीसाठी राखीव रान तोडले गेले आणि तोडीच्या परिसरात माकडतापाची मोठी साथ उसळली. मानववंशशास्त्रज्ञ मार्क निक्टर यांनी या भागात लोकांशी बोलून १९८७ साली जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात या दुखण्याला त्यांनी ‘विकासाचा रोग’ म्हटले. गावातल्या अनेकांना वाटत होते की रान तोडल्याने तिथली दैवते कोपली. शास्त्रज्ञाची भाषा आणि गावकऱ्याची भाषा वेगळी, पण दोघांचे बोट एकाच कुऱ्हाडीकडे होते.

त्यानंतर हा ताप घाटाच्या अंगाने सरकत राहिला. २०१२ च्या अखेरीस बंदिपूरच्या व्याघ्र प्रकल्पात मेलेल्या माकडांची विल्हेवाट लावणारी माणसे आजारी पडली. पुढे केरळात वायनाडमध्ये साथ आली. २०१५ मध्ये गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात काजूच्या बागांत राबणाऱ्यांना तो झाला. आणि २०१६ च्या सुरुवातीला तो आपल्या दारात आला. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात, केर गावाच्या परिसरात माकडे मरू लागली आणि माणसे तापू लागली. त्या एका हंगामात जिल्ह्यात शंभराहून अधिक रुग्ण निश्चित झाले. पुढच्या वर्षी सावंतवाडी तालुक्यातल्या बांद्याकडेही तो पोहोचला.

दोडामार्गचा नकाशा पाहिला की नवल वाटत नाही. तिळारीचे खोरे गोवा आणि कर्नाटकच्या रानाशी सलग आहे. ज्या रानवाटांनी कर्नाटकातले हत्ती इथे उतरले, त्याच रानात माकडे आणि गोचिडीही आहेत. फेब्रुवारी ते मे हा काजूचा हंगाम. झाडाखाली पडलेले बोंडू वेचायला बाया सकाळपासून वाकून बागेत असतात, पाय पाचोळ्यात आणि हात मातीत. नेमक्या याच महिन्यांत खसखशीएवढी गोचीड पाचोळ्यात दबा धरून असते. काजू, रबर, सुपारी यांच्या बागांनी रानाच्या कडा इथेही वाढवल्या आहेत. क्यासनूरचाच हिशेब इथे पुन्हा मांडला गेला, फक्त सुपारीच्या जागी काजू आला.

मला अस्वस्थ करते ते एक अंतर. क्यासनूर ते दोडामार्ग सरळ रेषेत दोनशे किलोमीटरच्या आत आहे. रोगाला तेवढे अंतर तोडायला एकोणसाठ वर्षे लागली आणि तेवढ्या काळात आपले ज्ञानही तिथे पोहोचले नव्हते. रोगाची ओळख पटवणारे केंद्र आपल्याच राज्यात होते. मोजलेल्या गोचिडी, ओळखलेला विषाणू, लिहिलेले प्रबंध पुण्यात होते. पण दोडामार्गच्या बागायतदाराला, तिथल्या वनरक्षकाला मेलेल्या माकडाचा अर्थ कुणी सांगितला नव्हता. शास्त्रज्ञांनी एकत्र बसून जे जोडले, ते कारभाराने पुन्हा तोडून वेगवेगळ्या खात्यांत ठेवले होते. माणसाचा ताप आरोग्य खात्याकडे, मेलेले माकड वनखात्याकडे, गोचीड लागलेली गाय पशुसंवर्धन खात्याकडे. गोचिडीला मात्र खाते नसते. ती माकडावरून पाचोळ्यात आणि पाचोळ्यातून माणसावर जाते.

आज या विचाराला जगभर ‘वन हेल्थ’, म्हणजे ‘एक आरोग्य’, हे नाव आहे. माणूस, प्राणी आणि परिसर यांचे आरोग्य एकच आहे असे तो सांगतो. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपुरात राष्ट्रीय एक आरोग्य संस्थेची पायाभरणी झाली, ही महाराष्ट्रासाठी मोठी गोष्ट आहे. पण तिथे काम करणाऱ्या तरुणांनी आपला पाया सागरच्या त्या ठाण्यात शोधावा. ‘वन हेल्थ’ हा शब्द रुळण्याच्या कितीतरी आधी, फ्लॅनेलचे कापड ओढत हिंडणाऱ्या माणसांनी तो विचार जगून दाखवला आहे. प्रयोगशाळा कितीही मोठी झाली, तरी पहिली खबर रानातूनच येणार आणि ती देणार गुराखी, काजू वेचणारी बाई, वनरक्षक. त्यांचे ऐकून तीन खात्यांनी त्याच दिवशी एकत्र हालचाल केली, तरच त्या इमारतीचा उपयोग.

रानाच्या कडेला राहणाऱ्या वाचकांना एवढीच विनंती. आपल्याकडे माकडात मारुतीराया पाहतात आणि ते मेले तर त्याला खांदा देऊन माती देण्याची रीत अनेक गावांत आहे. ती श्रद्धा मोलाची आहे. पण डिसेंबर ते मे या काळात रानात माकड मेलेले दिसले तर त्याला हात लावू नका, त्याच्या आसपास थांबू नका, गुरांना तिकडे नेऊ नका. वनखात्याला आणि जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवा. बागेत जाताना अंगभर कपडे घाला, उघड्या अंगाला कीटकरोधक तेल लावा, घरी आल्यावर गरम पाण्याने अंघोळ करा आणि कपडे धुवायला टाका. त्यानंतर ताप आला तर डॉक्टरांना आवर्जून सांगा की मी रानात गेलो होतो. १९५७ साली मलनाडच्या गावकऱ्यांनी मेलेल्या माकडाकडे पाहून रोग ओळखला होता. आपल्याला तर त्याचे कारणही माहीत आहे.